आधी प्रश्न, मग पाणी

इंटरव्ह्यूहून परत आलेल्या मुलीला हौसाकाकू आधी पाणी देत नसत.

आमच्या भरे गावात उन्हातून आलेल्या कुरिअरवाल्यालासुद्धा आई आधी तांब्या देते आणि मग पाकीट घेते. हिंजवडीच्या आयटी पार्कशेजारी, मारुंजीत, काकूंच्या तीन मजली इमारतीत रीत उलटी होती. फाटक उघडून आत आलं की त्या ओट्यावर बसलेल्या दिसायच्या. मांडीवर लांबडी वही, कानामागे पेन, शेजारी स्टीलचा पेला आणि त्यावर झाकलेली ताटली. पाणी आपल्यासाठीच भरून ठेवलेलं आहे हे कळायचं. पण हात पुढे केला की काकू पेला पदराआड सरकवायच्या.

“बस. काय काय इचारलं?”

“काकू, एक घोट...”

“आदी सांग. पाणी पोटात गेलं की निम्मं इसरतंय. लई पोरींचं बगितलंय मी.”

यावर कुणी वाद घालत नसे. जिभेला कोरड पडलेली असताना आम्ही एकेक प्रश्न सांगायचो आणि काकू तो आपल्या गोल, मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायच्या. शेवटचा प्रश्न लिहून झाला की ताटली निघायची. मग मात्र पाण्याबरोबर गुळाचा खडाही मिळायचा आणि पाठीवरून हात फिरायचा. माझा तर या गोष्टीवर इतका विश्वास बसला होता की इंटरव्ह्यूच्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या बाटलीलाही मी हात लावत नसे. वाटायचं, प्यायले तर येतंय तेही जाईल.

काकू सातवी शिकलेल्या. वय साठीच्या आसपास, गुडघे दुखरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता एक सोसायटी उभी आहे. खाचर जिथे सगळ्यात खोल होतं, नेमक्या तिथे त्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव आहे. “पाणी तवाबी साचायचं, आताबी साचतंय. तवा भात यायचा,” एवढंच त्या म्हणायच्या. राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी ही इमारत बांधली, बारा खोल्यांची, फक्त मुलींसाठी. पहिल्या भाडेकरू मुली इंटरव्ह्यूची तयारी करताना जिन्यात बसून मोठमोठ्याने उत्तरं घोकायच्या. काकू खाली भाजी निवडता निवडता ऐकायच्या. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून त्यांना प्रश्न पाठ झाले. उत्तरं कळायची नाहीत, पण कुणाला येतंय आणि कोण थापा मारतंय ते कळायला लागलं. मग त्यांनी स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर काकूंचा इंटरव्ह्यू. हजेरी सक्तीची.

मी तिथे गेले ती इंजिनिअरिंग संपल्यावर. भरे ते हिंजवडी अंतर तसं फार नाही, पण बस बदलत जावं लागतं आणि सकाळी नऊला पोहोचायची खात्री नाही. बाबा पिरंगुटच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. त्यांनी तिथल्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. स्टोअरमध्ये आलेल्या-गेलेल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद करायला मुलगी हवी होती. “मार्चपर्यंत थांबतो म्हणालेत,” बाबा म्हणाले. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, पण मला पुरतं कळलं. मार्चपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये काही झालं तर झालं. पुढच्या उन्हाळ्यात नवीन मुलं पास होऊन बाहेर पडणार आणि आमची बॅच शिळी होणार. शिवाय एखाद्या कंपनीने नापास केलं की सहा महिने तिथे पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणजे प्रत्येक कंपनीत मला एकदाच जायचं होतं.

खोली बघायला गेले तेव्हा आई बरोबर होती. त्याआधी दोन ठिकाणी आम्हाला नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेली असं सांगितलं. काकूंनी फक्त नाव विचारलं. मी सांगितलं, प्रज्ञा. आई पुढचं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, “बास. मला हाक मारायला येवडं पुरं हाय.” परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, “बाई मोठ्या मनाची आहे.” मलाही तसंच वाटलं. पुढे कितीतरी महिने मी काकूंना या एका वाक्यावर मार्क देत राहिले.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. इंग्रजी चुकली की मुलं हसायची. दोन्हीपेक्षा गप्प बसणं सोपं होतं, आणि ती सवय अंगात मुरली. लिहायला सांगा, काहीही लिहीन. समोर माणूस बसला की पहिली दहा मिनिटं माझा आवाजच फुटत नसे.

काकूंनी हे पहिल्याच संध्याकाळी ओळखलं. त्या पावटे सोलत होत्या.

“लिंक लिस्ट म्हंजे काय?”

मी पुस्तकातली इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणून दाखवली.

“आता माज्यासाठी सांग.”

मी तीच व्याख्या पुन्हा, जरा हळू म्हणाले.

“मला समजलं न्हाई म्हंजे तुला यीत न्हाई. आन आवाज गळ्यातनं काडू नगंस. पोटातनं येऊ दे.”

मी अडखळत सांगितलं की माहितीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याला फक्त पुढचा तुकडा कुठे आहे तेवढंच माहीत असतं.

काकू थोडा वेळ सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे वाडीत घर शोधायसारकं. पयल्या घरात इचारलं तर त्यो म्हनतोय, मला न्हाई ठावं, फुडच्या घरात इचारा.”

“हो. अगदी तसंच.”

“आन मदलंच घर पाडलं तर?”

“मग त्याच्या पुढची सगळी घरं हरवतात.”

“मग पाडायच्या आदी काय करशील?”

“अलीकडच्या घराला पलीकडच्याचा पत्ता देऊन ठेवीन. मग मधलं पाडीन.”

काकूंचा हात थांबला. “आमाला कुनी सांगितलं न्हाई बग हे,” त्या म्हणाल्या. “दिरानं मदला तुकडा बिल्डरला दिला आन मागच्या वावराला वाटच ऱ्हायली न्हाई.” मग पावट्याची टरफलं सुपात झटकून म्हणाल्या, “फुडचा प्रश्न.”

अशा बाईचा राग कसा धरायचा, हे मला अजून नीटसं जमलेलं नाही.

माझ्या खोलीत ऋतुजा होती, सांगलीची, भरभर बोलणारी, मोठ्याने हसणारी. तिला काही येत नसलं तरी ती इतक्या आत्मविश्वासाने सांगायची की समोरच्याला आपलंच चुकलं असेल असं वाटावं. एकदा काकूंनी तिला डेडलॉक विचारला. दोन कामं एकमेकांसाठी अडून बसतात आणि दोन्ही बंद पडतात, तो प्रकार. ऋतुजाने हवेत बरंच काही काढून दाखवलं. नेमकं तेव्हाच बाहेरच्या अरुंद रस्त्यावर विटांचा एक टेंपो आणि पाण्याच्या जारचा एक टेंपो समोरासमोर आले. हॉर्न सुरू झाले. मागे दुचाक्यांची रांग लागली. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, फाटकाबाहेर गेल्या आणि विटांच्या टेंपोच्या बॉनेटवर त्यांनी दोनदा थाप मारली.

“ए दादा, घे मागं!”

“मीच का म्हणून? त्याला सांगा ना आजी!”

“त्याला बी तसंच वाटतंय. त्याच्याकडं पानी हाय, तुज्याकडं इटा. इटा काय नासत्यात व्हय? घे मागं!”

टेंपो मागे गेला. काकू धापा टाकत परत येऊन बसल्या. “ह्यो डेडलॉक. येकानं माघार घेतल्याबिगर सुटत न्हाई. आन माघार कुनी घ्यायची ते तिसऱ्यानं ठरवायचं. लिवून घे, ऋतुजे.”

ऋतुजाने खरंच लिहून घेतलं. आम्ही हसून हसून लोळलो. माघार कुणी घ्यायची ते तिसऱ्याने ठरवायचं, हे वाक्य मला मात्र नंतर वेगळ्या कारणाने आठवत राहिलं.

हल्ली ऑनलाइन इंटरव्ह्यूत मुलं दुसऱ्या स्क्रीनवरची उत्तरं वाचून दाखवतात, म्हणून कंपन्या पुन्हा समोर बोलवायला लागल्या आहेत. एकाच जागेसाठी दोन-तीन दिवस, सकाळ-दुपार असे स्लॉट असतात आणि आपला स्लॉट आपणच निवडायचा असतो. विचारणारे तेच ते दोघं-तिघं असतात. सकाळी विचारलेलं दुपारी थोडं फिरवून विचारतात. काकूंची वही उपयोगी पडायची ती यामुळे. ती वही मुलींमध्ये प्रसिद्ध होती. नवीन मुलगी खोली बघायला आली की जुन्या मुली तिला हळूच सांगायच्या, “पाणी खारट आहे, पण वही आहे.”

आणि मी वहीसाठी जन्मले होते. मला सगळं आठवायचं. प्रश्न कोणत्या क्रमाने आले, उपप्रश्न कुठे जोडला, विचारणारा कुठे थांबला, कुठे त्याने मान हलवली. बोलता यायचं नाही, पण ऐकलेलं सुटायचं नाही. पहिल्यांदा मी चौदा प्रश्न ओळीने सांगितले तेव्हा काकू लिहिता लिहिता माझ्याकडे बघतच राहिल्या.

“पोरगी हाय का टेप?”

त्या दिवशी मला गुळाचे दोन खडे मिळाले. इंटरव्ह्यूत मी नापास झाले होते. पण इतकं कौतुक त्याआधी कधी वाट्याला आलं नव्हतं.

पुढच्या कंपनीच्या वेळी काकूंनी आम्हा चौघींना ओट्यावर बसवलं आणि स्लॉट वाटून दिले. “पयला मान पर्ज्ञीचा,” त्या म्हणाल्या. गावात पहिला मान कुणाचा यावरून माणसं पिढ्यान् पिढ्या भांडतात. आमच्या घरच्या लोकांना तो कधी मिळालाच नाही. काकूंनी तो मला सगळ्यांदेखत दिला. “सकाळी तुजं डोकं बी ताजं, त्येंचं बी ताजं,” असं वर समजावलं. मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं.

मग तोच शिरस्ता पडला. पहिला स्लॉट माझा. मी साडेआठला जायचे, अकराला परत यायचे, तहानलेली, ओट्यावर बसून सगळं सांगायचे. काकू ते दुपारच्या मुलींकडून चारदा घोकून घ्यायच्या. तीन कंपन्या झाल्या, चार झाल्या. दोघींना नोकऱ्या लागल्या. काकूंनी पेढे वाटले आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. “हिच्या प्रश्नांवर गेल्या गं पोरी.” मी तो पेढा खाल्ला. चांगला लागला, खोटं कशाला सांगू.

एकदाच मी विचारलं, “काकू, या वेळी मी दुपारी जाऊ का?”

“तुला काय करायचंय दुपार? तुला समदं यीतंय.”

मी सकाळचाच स्लॉट घेतला.

जानेवारीत एका लहान कंपनीचं बोलावणं आलं. ते मी स्वतः मिळवलं होतं. त्यांनी घरी सोडवायला दिलेला प्रोग्रॅम मी तीन दिवस बसून लिहिला होता आणि त्यांना तो आवडला होता. ऋतुजाचाही अर्ज मंजूर झाला होता. पण ही जागा मला मनापासून हवी होती. माणसं थोडी, काम खरं. मी कुणाला न विचारता गुरुवारची दुपार निवडली. ऋतुजाकडे बुधवारची सकाळ आली.

मंगळवारी संध्याकाळी काकू वर आमच्या मजल्यावर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढत नसत. कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

“पर्ज्ञे, ऋतुजाला ताप भरलाय. खाली माज्या खोलीत निजवलीया. उद्या सकाळी तिच्यानं हुयाचं न्हाई. तुजी येळ तिला दे, तिची तू घे. पोरगी लांबनं आलीया गं.”

मी लगेच फोन केला. कंपनीतल्या मुलीने अदलाबदल करून दिली. बुधवारी सकाळी मी गेले. पहिली दहा मिनिटं आवाज फुटला नाही. विसाव्या मिनिटाला फुटला, तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. परत येऊन कोरड्या तोंडाने मी नऊ प्रश्न सांगितले. गुरुवारी दुपारी ऋतुजा गेली आणि तिची निवड झाली.

महिनाअखेरीस ती सामान बांधत होती. मी तिला चादरींच्या घड्या घालायला मदत करत होते. बोलता बोलता म्हणाले, “बरं झालं तुझा ताप दोन दिवसांत उतरला.”

“कसला ताप?”

“इंटरव्ह्यूच्या आधीचा. काकूंच्या खोलीत झोपली होतीस ना?”

“अगं, झोपले कुठे? काकू मला जुन्या वहीतले प्रश्न विचारत होत्या. त्या म्हणाल्या, तुलाच सकाळचा स्लॉट हवाय म्हणून.” मग तिचा चेहरा बदलला. “यार, तू मागितला नव्हतास?”

मी म्हटलं, असेल, माझ्याच लक्षात नसेल. सगळं लक्षात राहणारी मी असं म्हणाले, आणि तिने ते मानून घेतलं. तिची बस होती.

तरीही मी स्वतःला समजावलं. काकूंना वाटलं असेल, लांबून आलेली मुलगी आहे. माझं गाव तासाभरावर. मोठ्या मनाची बाई, एखादी लबाडी करते. मी मार्क कमी केले, पण नापास केलं नाही.

फेब्रुवारीत काकूंच्या चष्म्याची ती काडी एकदाची तुटली. चष्मा दुरुस्तीला गेला आणि नांदेडहून सारिका नावाची नवी मुलगी आली. काकूंनी मला ओट्यावर बोलावलं. “जुनी वही काड आन हिला वाचून दाव. मला अक्षर दिसंना.”

मी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. आजवर मी सांगितलं होतं, काकूंनी लिहिलं होतं. वही माझ्या हातात कधी आलीच नव्हती. प्रत्येक कंपनीला एक पान. पानाच्या डोक्यावर माझं नाव, खाली प्रश्न, त्याखाली बाकीच्यांची नावं आणि नोकरी लागली तिच्यापुढे फूल काढलेलं. पान उलटलं, माझं नाव वर. पुन्हा उलटलं, पुन्हा माझं नाव वर. माझ्यापुढे कुठेच फूल नव्हतं. ते मला माहीतच होतं, पण ओळीने बघितलं नव्हतं. मग मी अगदी मागे, मी राहायला आले त्या महिन्याच्या पानावर गेले. तिथे मुलींची नावं होती आणि प्रत्येकीपुढे काकूंनी एकेक ओळ लिहिली होती. ऋतुजा, बोलती लई, अभ्यास कमी. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: “समदं ध्यानात ऱ्हातं. बोलता यीत न्हाई. हिला पयलं धाडायचं.”

मी वाचायची थांबले.

“काय झालं? वाच की,” काकू म्हणाल्या.

त्यांना अक्षर दिसत नव्हतं. मी कुठे थांबले होते हे त्यांना कळलं नव्हतं. मी ती ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

सारिका एकदा माझ्याकडे, एकदा काकूंकडे बघत होती. काकू जराही हलल्या नाहीत. रोज संध्याकाळी उत्तर ऐकायच्या तशाच, मान तिरकी करून त्यांनी ऐकलं.

“मंग?” त्या म्हणाल्या. “खोटं काय लिवलंय त्यात?”

“तुम्ही त्याला पहिला मान म्हणाला होतात.”

“मानच त्यो. वड्याला पानी आलं की फुडं कोन जातंय? ज्याला पानी कळतंय त्योच. बाकीचे मागनं.”

“पुढे जाणारा वाहून गेला तर?”

“तू कुटं वाहून गेलीस? हितं बसलीस की.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, “हे बग पोरी, तुजं तसंबी व्हनार नव्हतं. तुजा आवाज निगत न्हाई. येकीचं व्हत नसंल तर चौगींचं व्हऊ द्यावं. येक लागली की धा खोली बगायला येत्यात. माज्या बारा खोल्या कशा भरत्यात, तुला काय ठावं?”

“ऋतुजाला ताप नव्हता.”

मला वाटलं, आता तरी काही म्हणतील. त्या म्हणाल्या, “तुला खोली देताना मी काय इचारलं व्हतं का? बाकीच्यांनी इचारलं आसंल. मी न्हाई इचारलं.”

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. न विचारणं हाही एक उपकार होता, आणि तो त्यांनी आजच्यासाठी जपून ठेवला होता. मी मार्क देत होते, त्याही देत होत्या. हे एक वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं, तर बाकीचं सगळं मी कधी ना कधी विसरलेही असते.

मी वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उठले. मागून काकू म्हणाल्या, “आन आज आवाज पोटातनं आला बग तुजा.”

मी चौथ्या नंबरला गेले असते तरी कदाचित नापासच झाले असते. ते मी नाकारत नाही. पण ते मला कधी कळू दिलं गेलं नाही.

महिना संपायला पंधरा दिवस होते, आणि मार्चच्या आधी एकच इंटरव्ह्यू उरला होता. मी स्लॉट निवडायला गेले तेव्हा फक्त सकाळचा साडेनऊचा शिल्लक होता. सारिकाने त्याच दिवसाचा तीनचा घेतला होता. काकूंनी तिला घ्यायला लावला होता, हे वेगळं सांगायला नको.

त्या सकाळी समोर एक बाई आणि एक तरुण बसले होते. बाईंनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी ती उघडली आणि अर्धी संपवली. पाणी पोटात गेलं आणि मी काही म्हणजे काही विसरले नाही. उलट घसा मोकळा झाला. सहा महिने मी कोरड्या घशाने बोलायचा प्रयत्न करत होते, आणि आवाज का फुटत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत होते.

त्यांनी चार प्रश्न विचारले. तिसरा लिंक्ड लिस्टवर होता. मधला तुकडा काढून टाकायचा असेल तर आधी काय कराल? मी एका वस्तीत घर शोधणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. पहिल्या घराला फक्त पुढचं घर माहीत आहे. मधलं पाडण्याआधी अलीकडच्याला पलीकडचा पत्ता द्या, नाहीतर मागच्या शेताला वाट राहणार नाही. बाई हसल्या. “हे कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “घरमालकिणीने.”

परत आले तेव्हा काकू ओट्यावर होत्या. नवी काडी लावलेला चष्मा, मांडीवर वही, कानामागे पेन, झाकलेला पेला. जणू मधे काहीच झालं नव्हतं. दाराशी सारिका फाइल छातीशी धरून उभी होती.

“बस,” काकू म्हणाल्या. “काय काय इचारलं?”

मी ताटली उचलली आणि पेला तोंडाला लावला. काकूंचा हात पुढे आला तोवर मी अर्धा प्यायले होते. सावकाश, शेवटपर्यंत प्यायले. पेला खाली ठेवला.

“विसरले,” मी म्हणाले.

काकूंनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. पेन कागदाला टेकलेलं होतं. मी सारिकाच्या शेजारून जिना चढले. तिने तोंड उघडलं होतं, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

माझी निवड झाली, तिची झाली नाही. महिना संपताच मी भऱ्याला गेले. निघताना काकू ओट्यावर नव्हत्या, आणि मी हाक मारली नाही.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या, दिवाळी होऊन गेल्यावर. मी कंपनीच्या बसमध्ये होते. मारुंजीच्या त्याच रस्त्यावर बस थांबली, पुढे दोन टेंपो अडकले होते. हॉर्न सुरू झाले. मी खिडकीतून बघितलं तर काकू पदर खोचून येत होत्या. गुडघे जास्तच वाकलेले. त्यांनी एका टेंपोवर थाप मारली, त्याला मागे घ्यायला लावलं आणि परत फिरताना त्यांची नजर वर गेली. त्या माझ्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. काच उघडी होती.

“पर्ज्ञे! बरी हायेस न्हवं?”

“हो काकू.”

“जाड झालीस जरा. ब्येस.” मग त्यांनी खिडकीच्या पट्टीवर हात ठेवला. “ती सारिका घरी गेली परत. लगीन ठरवलं तिच्या बापानं. ठावं हाय का तुला?”

मला ठाऊक नव्हतं. घशाला एकदम कोरड पडली, जुन्या दिवसांसारखी.

“त्या दिसाचं पान कोरंच ऱ्हायलंय गं,” काकू म्हणाल्या. रागाने नाही. ओट्यावर म्हणायच्या तशाच. “आता तरी सांग. काय काय इचारलं व्हतं?”

चारही प्रश्न मला ओळीने पाठ होते. आजही आहेत. टेंपो मागे गेला होता, रस्ता मोकळा झाला होता, आणि काकू वर तोंड करून, मान तिरकी करून ऐकायला उभ्या होत्या.

मी मांडीवरची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.